ईदीची गाडी : पहिला रॉक क्रॉलर घेताना

ईदी ही मुलांची अमानत आहे, असे आम्ही दरवर्षी म्हणतो. नानी, मामू, फुफी, शेजारचे चाचा यांनी हातावर ठेवलेल्या नोटा मुले आमच्याकडे आणून देतात आणि आम्ही त्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतो. गेल्या ईदेला आमच्या सातवीतल्या लेकीच्या डब्यात दोन वर्षांचे ७,५०० रुपये जमले होते. तिला एकच गोष्ट हवी होती : दगडांवर चढणारी रिमोटची गाडी.

ईदेच्या तिसऱ्या दिवशी आम्ही साताऱ्यातल्या एका दुकानात गेलो आणि अर्ध्या तासात २,३०० रुपयांची गाडी घेऊन बाहेर पडलो. मोठी चाके, निळे दिवे, इंजिनाचा आवाज, सगळे होते. पाचव्या दिवशी पुढचे एक चाक फिरेनासे झाले. दुकानदार म्हणाले, "सर, यात दुरुस्ती नसते. नवीन घ्या." लेकीने घरी स्क्रूड्रायव्हर घेऊन गाडी चारही बाजूंनी पाहिली. स्क्रू नव्हतेच, सगळे चिकटवलेले होते. ती हिरमुसून म्हणाली, "अब्बू, ये तो खुलतीच नहीं."

ते वाक्य आम्हाला लागले. ज्या पैशाला आम्ही अमानत म्हणत होतो, तो आम्ही चौकशी न करता उडवला होता. आम्ही स्वतःच्या पगारातून २,३०० रुपये डब्यात परत टाकले आणि ठरवले, की आता घाई करायची नाही. पुढचे दोन महिने बापलेकीने मिळून वाचले, विचारले, तुलना केली. वाचक पालकांचे पैसे तरी वाया जाऊ नयेत, म्हणून जे समजले ते इथे लिहीत आहोत.

क्रॉलर म्हणजे काय?

रिमोटच्या बहुतेक गाड्या वेगासाठी बनवतात. क्रॉलर ताकदीसाठी असतो. तो माणसाच्या चालीने किंवा त्याहूनही सावकाश चालतो. खऱ्या जीपची किंवा पिकअपची प्रमाणात लहान केलेली प्रतिकृती असल्यामुळे तिला 'स्केल' क्रॉलर म्हणतात. ही कल्पना नवी नाही. जपानच्या तामिया कंपनीने १९८१ मध्येच टोयोटा हायलक्सची १:१० मापाची गाडी काढली होती. तिला तीन गिअर आणि ट्रकला असतात तशा कमानी होत्या.

ताकद येते गिअरमधून. १० दातांच्या चाकाने ५० दातांचे चाक फिरवले, तर वेग पाचपट कमी होतो आणि जोर जवळपास तितकाच वाढतो. क्रॉलरमध्ये असे टप्पे एकापुढे एक असतात. आठवीच्या मुलांना गुणोत्तर शिकवताना आम्ही फळ्यावर जे काढतो, ते इथे हातात धरून दाखवता येते. दात्यांच्या चाकांची ही विद्या आपल्या पूर्वजांनाही चांगली अवगत होती. अल्-जझरी यांनी १२०६ च्या सुमारास पूर्ण केलेल्या यंत्रांच्या ग्रंथात पाणी उपसणारी यंत्रे आणि घड्याळे आकृत्यांसह समजावली आहेत. लेकीला ते चित्र दाखवले, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे माझ्या गाडीचेही उस्ताद तेच!"

दुसरी गोष्ट ॲक्सलची. रस्त्यावरच्या मोटारीत डिफरन्शियल असते, त्यामुळे वळणावर बाहेरचे चाक जास्त फिरू शकते. दगडावर मात्र हेच नडते. एक चाक हवेत उचलले गेले, की तेच गरागरा फिरते आणि जमिनीवरचे चाक थांबते. म्हणून क्रॉलरमध्ये दोन्ही चाके एकमेकांना पक्की जोडलेली असतात. गाडीला वळायला जागा जास्त लागते, पण ती अडकून पडत नाही.

घेण्याआधी तीन प्रश्न

पहिला प्रश्न : वेग बोटाच्या दाबावर कमीजास्त होतो का? पुष्कळ खेळण्यांत फक्त 'चालू' आणि 'बंद' असते. अशी गाडी दगडाला धडकते, चढत नाही. रिमोटचा घोडा हळूच दाबला, की चाक हळूच फिरले पाहिजे. स्टिअरिंगचेही तसेच. शिवाय उतारावर घोडा सोडला, की गाडी जागीच थांबली पाहिजे. दुकानात एक फळी तिरकी धरून हे एका मिनिटात तपासता येते.

दुसरा प्रश्न : सुटे भाग मिळतात का? गिअर, ॲक्सल, टायर, मोटर यांची नावे घालून शोधून पाहा. भाग वेगळे मिळत नसतील तर गाडी कितीही सुंदर असो, ती पहिल्या बिघाडापर्यंतचीच आहे.

तिसरा प्रश्न आमच्या लेकीचा : ती उघडते का? गाडी उलटी करा आणि स्क्रू मोजा.

यातल्या बऱ्याच गाड्या परदेशातून येतात. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचे आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले, तेव्हापासून आयात खेळण्यांचे दर चढे राहिले. १ जानेवारी २०२१ पासून मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्हही सक्तीचे आहे. लहानांसाठी घेताना ते पाहावे. मोठ्या क्रॉलरवर बहुधा १४ वर्षांवरील मुलांसाठी अशी सूचना असते. ती गंभीरपणे घ्यावी, कारण त्यांच्या बॅटऱ्या दणकट असतात.

कोणते माप?

१:१० हे जुने, प्रस्थापित माप. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर साधारण ३१ सेंटीमीटर. ट्रॅक्ससची २०१७ मध्ये आलेली टीआरएक्स-४ किंवा ॲक्सियलची एससीएक्स-१० या घराण्यातल्या. भाग भरपूर मिळतात, पण किंमत मध्यमवर्गीय घराच्या ईदीत बसणारी नाही. पहिल्या गाडीसाठी आम्ही हे माप सुचवणार नाही.

१:२४ च्या गाड्या वीतभर लांबीच्या. ॲक्सियलची एससीएक्स-२४ यातली नावाजलेली. पावसाळ्यात घरातच पुस्तके, उशा, वीटांचे तुकडे रचून खेळता येते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना हे माप सोयीचे.

१:१६ आणि १:१८ ही मधली मापे. चिनी डब्ल्यूपीएलच्या १:१६ गाड्या याच गटातल्या. अंगणातल्या दगडांवर चालण्याइतक्या मोठ्या आणि खिशाला झेपतील अशा. आम्ही १:१६ ची एक गाडी निवडली.

बॉडी कोणती, यावर घरात चर्चा झाली. लेकीला जुनी जीप हवी होती. तेव्हा तिला आम्ही सांगितले, की भारतात १९४७ पासून विलीज जीपची जुळणी करणाऱ्या कंपनीचे नाव सुरुवातीला 'महिंद्र अँड मोहम्मद' होते. १९४५ मध्ये स्थापन झाली तेव्हा गुलाम मोहम्मद हे भागीदार होते. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. जीप घ्यायची हे तिथेच ठरले.

गाडीबरोबर काय घ्यावे?

नवखे लोक आधी दिवे, टपावरचे कॅरिअर, पाण्याचे कॅन अशी सजावट घेतात. दिसायला छान, पण टपावर वजन वाढले की गाडी चढावर मागे उलटते. आमचा क्रम असा सांगू.

आधी हत्यारे. १.५, २ आणि २.५ मिलिमीटरचे षट्कोनी स्क्रूड्रायव्हर आणि एक साधा फुलीचा. स्वस्त हत्यारांनी स्क्रूचे डोके घासले गेले, तर उघडणारी गाडीही उघडत नाही. धातूत बसणाऱ्या स्क्रूंना निळा थ्रेडलॉक लावावा. तो स्क्रू धरून ठेवतो, पण हवा तेव्हा सोडतो. प्लास्टिकवर मात्र लावू नये.

मग टायर. मऊ रबराचा, आत स्पंज असलेला टायर दगडाला बिलगतो. एवढ्या एका बदलाने जितका फरक पडतो, तितका महागड्या मोटरनेही पडत नाही.

मग वजन, तेही खाली आणि पुढे. मुलांचे नानीघर सांगलीला आहे आणि त्यांचे मामू कुपवाड एमआयडीसीत लेथवर काम करतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी भाचीला शेजारी उभे करून पितळेच्या दोन कड्या कातून दिल्या, प्रत्येकी ४० ग्रॅमच्या. त्या पुढच्या चाकांत बसवल्या आणि जिथे गाडीचे नाक वर उचलले जात होते, तिथे ती चढू लागली. मामूंनी लेकीला मिरजेच्या सतारमेकर गल्लीतही नेले. मूळची शस्त्रांना धार लावणारी शिकलगार मंडळी एकोणिसाव्या शतकात सतारी घडवू लागली आणि मिरजेच्या सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मामू तिला म्हणाले, "बेटा, हुनर हातात असला की काम बदलले तरी माणूस उपाशी राहत नाही."

बाकी सुधारणा थांबून कराव्यात. महिनाभर गाडी आहे तशी चालवा. जे तुटेल, तेच बदला.

बॅटरीबाबत कडक नियम

इथे मुलांचे लाड नाहीत. छंदाच्या गाड्यांत निकेल-मेटल हायड्राइड किंवा लिथियम-पॉलिमर बॅटरी असते. पहिली जड पण सोशिक, नवख्यांना बरी. दुसरी हलकी आणि जोरदार, पण तिचे लाड आणि धाक दोन्ही सांभाळावे लागतात. लिथियमचा प्रत्येक सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो. त्यापुढे चार्ज करू नये आणि ३ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नये. बरेच दिवस ठेवायची असेल, तर सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवावी.

आमच्या घरचा नियम असा : चार्जिंग फरशीवरच, गादीवर किंवा सोफ्यावर नाही. जवळ मोठे माणूस हवे. झोपताना किंवा बाहेर जाताना चार्जर काढायचाच. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही, टोचायची नाही, कचऱ्यातही टाकायची नाही. ती ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यायची.

सातारचा कातळ, सांगलीची माती

साताऱ्यात या छंदाला निसर्गाने मैदान दिले आहे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला काळ्या बेसॉल्टचे दगड पसरले आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा कातळ खरखरीत आहे, त्यावर टायर छान पकड घेतो. सांगलीला कृष्णाकाठची काळी माती. ती ओली असली की टायरच्या खाचांत भरते आणि चाक गुळगुळीत होते. तिथे नानीच्या अंगणात विटा आणि जुन्या फरश्या रचून आम्ही डोंगर केला. खेळून झाल्यावर ब्रशने माती झाडायची, ॲक्सल पुसायचे, हे काम लेकीचे.

काही जागा आम्ही वर्ज्य ठेवल्या. कास पठारावर गाडी नाही. २०१२ पासून ते पश्चिम घाटासोबत जागतिक वारसा यादीत आहे आणि तिथल्या नाजूक फुलांवर चाक फिरवायला आपण कोण? गडाच्या तटबंदीवर नाही. आणि कब्रस्तानाच्या आसपास दगड कितीही चांगले असले, तरी तिथे मुळीच नाही.

हिशेब

गाडी ४,६००, जादा बॅटरी ६५०, धातूचे गिअर ७००, हत्यारे ३५०, थ्रेडलॉक आणि ग्रीस २५०, टायर ६००. एकूण ७,१५० रुपये. उरलेले ३५० डब्यात.

धातूचे गिअर पहिल्या दिवशी घेतले नव्हते. दीड महिन्याने एका खाचेत चाक अडकले, लेकीने घोडा दाबूनच धरला आणि आतल्या प्लास्टिक गिअरचे दात झिजले. या वेळी ती रडली नाही. चटई अंथरली, स्क्रू काढून क्रमाने वाटीत ठेवले, तुटलेला भाग बाहेर काढला. नवे गिअर कुरिअरने नऊ दिवसांनी आले. दोन गिअरच्या दातांमध्ये कागदाची पट्टी धरून अंतर बेतायचे असते, ते तिला पहिल्या दोन वेळा जमले नाही. तिसऱ्या वेळी जमले. मग्रिबची वेळ झाली होती. गाडी चालते की नाही, हे नमाजनंतरच पाहू, असे तीच म्हणाली.

सुरुवातीला फुफी म्हणाल्या होत्या, "मुलीला कसली गाडी घेता? त्या पैशात सोन्याचा मणी आला असता." त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. खेळण्यावर एवढा खर्च इसराफ तर नाही ना, हा प्रश्न आम्हालाही पडला होता. आमचे उत्तर असे, की पहिले २,३०० रुपये इसराफ होते. दुसऱ्या गाडीवर तिप्पट खर्च झाला, पण ती आजही चालते आहे आणि लेकीला ती आतून बाहेरून माहीत आहे. अलीकडे फुफींचा बंद पडलेला टेबल फॅन घेऊन लेक मामूंकडे बसली होती. वायर मामूंनीच जोडली, तिने नुसते पाहिले. फॅन सुरू झाला. फुफींनी मण्याचा विषय पुन्हा काढलेला नाही.

यंदाच्या ईदेनंतर धाकट्यालाही रिमोटची गाडी हवी होती. तो पाच वर्षांचा आहे. दुकानात त्याने सगळ्यात चमकदार गाडी उचलली. आम्ही काही बोलणार इतक्यात त्याने ती उलटी केली आणि तळाशी बोट फिरवत स्क्रू शोधू लागला.