धुरकऱ्याची हौस

कार्तिक सरत आला, सोयाबीनचे कुटार गंजीला लागले आणि कपाशीची पहिली वेचणी घरात येऊन पडली, की वर्धा जिल्ह्यातील आर्वीच्या आसपासच्या खेड्यांतील काही गोठ्यांत अशा एका कामाची लगबग सुरू होते, की ज्याचा जमाखर्च घरच्या कोणत्याही खातेवहीत सापडावयाचा नाही. गावातील इतर बैल दिवसभर रानात राबून दिवेलागणीला निमूटपणे दावणीशी येतात. परंतु या गोठ्यांच्या एका अंगाला, मुद्दाम भुसभुशीत राखलेल्या जमिनीवर, जी जोडी वेगळी बांधलेली असते, तिला ना नांगर ठाऊक, ना वखर. आणि तिच्या जेवणाच्या वेळा मात्र घरधन्याच्या जेवणापेक्षा अधिक कसोशीने पाळल्या जातात. ही पटाची जोडी. खरिपाचे काम हातावेगळे झाल्यावर विदर्भात ठिकठिकाणी बैलांच्या शर्यतींचे जे शंकरपट भरतात, त्यांतील काही सेकंदांच्या धावेसाठी तिचे उरलेले सारे वर्ष खर्ची पडत असते.

अशाच एका गोठ्यात गेल्या मोसमाच्या तोंडावर मी चार दिवस जाऊन बसलो. मालकाचे नाव येथे देत नाही. त्याची तशी इच्छा आहे, आणि पटाच्या बैलांवर झालेला खर्च छापून यावा असे त्याच्या घरातही कोणाला वाटत नाही. सहा एकर कोरडवाहू जमीन, एक जुनी फटफटी, म्हातारे वडील, दोन शाळकरी मुले आणि ही जोडी, एवढा त्याचा संसार. बक्षिसाचे पैसे मिळालेच तर ते ढेपेच्या उधारीत जातात. त्याला आपण हौशी म्हणतो. पटावर त्याला धुरकरी म्हणतात, आणि हा शब्द मोठा कुळवान आहे. संस्कृतातील ‘धुर्’ म्हणजे जू वा गाडीची धुरा. ती वाहणारा तो धुरंधर. सत्कारसमारंभात पुढाऱ्यांच्या नावामागे आपण जे विशेषण सढळ हाताने लावतो, ते मुळात बैलाचे आहे, हे वक्त्यांच्या ध्यानी क्वचितच येते. धुरकरी मात्र त्या धुरेवर प्रत्यक्ष बसतो.

वर्धा जिल्ह्याला वेगाचे हे वेड बाहेरून आलेले नाही. आर्वी, आष्टी आणि कारंजा या तीन तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात, व तेथून छिंदवाडा, शिवनी, बालाघाटपर्यंत, गवळाऊ नावाची जी गोवंशाची जात आढळते, तिची पैदासच मुळी चालीसाठी झाली, असे तिच्याविषयीचे परंपरागत मत आहे. मराठ्यांच्या फौजांना डोंगरवाटांनी रसद झपाट्याने हलवावी लागे, आणि त्या कामी गवळी लोकांनी जोपासलेली ही हलक्या हाडाची, लांब अंगाची, पांढरी वा रुपेरी करडी जनावरे उपयोगी पडत. लांबट निमुळते तोंड, बदामी डोळे, आखूड बोथट शिंगे आणि नरांच्या मानेवर व वशिंडावर उतरलेली करडी छाया, हे तिचे रूप. दूध बेताचेच; एका वेतात सरासरी सहाशे किलोंच्या आसपास. फौजा गेल्या, पण बैलांचे चालणे थांबले नाही. आगगाडी येण्यापूर्वी या मुलखाचा कापूस लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून पार गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. आणि पुढे १८६२ साली नागपूरपासून तोडून वर्धा हा स्वतंत्र जिल्हा झाला, त्यानंतरही हिंगणघाटच्या बाजारात, जेथील लांब धाग्याच्या बनी कापसाने विलायतेतील गिरण्यांपर्यंत नाव कमावले होते, गाड्यांच्या रांगा लागतच राहिल्या.

याच जिल्ह्यात गाईबैलांचा एक निराळा विचारही झाला. जमनालाल बजाजांनी आयुष्याच्या अखेरीस इतर कामे बाजूला ठेवून गोसेवा हेच आपले व्रत मानले. १९४१ साली गोसेवा संघ स्थापन झाला आणि ११ फेब्रुवारी १९४२ रोजी वर्ध्यातच त्यांचे देहावसान झाले. दूधही द्यावे आणि शेतीला सशक्त बैलही द्यावा, अशी सर्वांगी गाय त्या मंडळींना अभिप्रेत होती. त्या कसोटीला पटाचा बैल एक क्षणभरही उतरणार नाही. तो नांगर ओढत नाही, ओझे वाहत नाही, आणि खातो मात्र दोन बैलांचे. सेवाग्रामच्या शिस्तीत वाढलेल्या एका वृद्ध परिचितांनी मला स्पष्टच सांगितले, की ही जनावरांची नव्हे, माणसांच्या मिजाशीची सेवा आहे. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. परंतु ट्रॅक्टरने नांगर घेतला, टेंपोने ओझे घेतले, आणि गवळाऊचा गोऱ्हा बाजारात विकत घ्यावयाला आज जो कोणी उभा राहतो, तो बव्हंशी पटाचा शौकीन असतो, ही गोष्टही दृष्टीआड करता येत नाही. कारंजा तालुक्यातील हेटीकुंडी येथे या जातीच्या पैदाशीचे शासकीय केंद्र आहे. पण सरकारने कितीही वळू राखले, तरी त्यांच्या वासरांना गावात गिऱ्हाईक लागतेच.

आता तयारी. पहिला प्रश्न जोडीचा. दोन वेगवान बैल एकत्र बांधले म्हणजे वेगवान जोडी होत नाही. एकाची झेप लांब व दुसऱ्याची तोकडी असली, की जुवाचे एक टोक पुढे जाते आणि छकडा मागे पडणाऱ्या बैलाच्या अंगावर वळू लागतो. माझ्या यजमानाची हीच अडचण होती. डावा बैल सहादाती, पटाच्या गर्दीला सरावलेला. उजवा नुकताच चारदाती झालेला, आणि जुवाखाली मान गेली की उसळी घेणारा. म्हणून पंधरा दिवस छकड्याचे नावही न काढता दोघांना नुसते एका जुवाला जोडून तो पहाटे नदीच्या वाळूतून चालवीत होता. वाळूत पाय उचलून टाकावा लागतो, खांदा व मांडी भरते, आणि मुख्य म्हणजे घाई करता येत नाही. एकाने पाय उचलला की दुसऱ्याने उचलावयाचा, हे त्या तरुण बैलाला थोरल्याने शिकवावे, अशी त्यामागील योजना. धनी मागे कासरा सैल धरून चाले आणि तोंडाने फक्त एक चकचक आवाज करी.

दुसरा प्रश्न पोटाचा. मी बैलाच्या पायांकडेच टक लावून पाहतो आहे हे त्याच्या लक्षात आले, तेव्हा तो हसून म्हणाला, “बैल काई पायानं नाई पयत भाऊ, पोटानं पयते.” या वाक्यात पशुवैद्यकाचा एक अख्खा धडा आहे. मोठ्या बैलाच्या पहिल्या जठरात शंभर लिटरच्या आसपास ऐवज मावतो. ते चाऱ्यापाण्याने तुडुंब भरलेले असले, की छाती व पोट यांच्यामधील पडद्यावर दाब येऊन श्वास पुरता भरत नाही. म्हणून मोसम जवळ येईल तसतसा कडबा आणि तुरीचे कुटार कमी करून त्याऐवजी सरकी, ढेप, हरभऱ्याची चुनी आणि उडदाचा भरडा असा थोडक्यात बळ देणारा खुराक वाढवीत न्यावयाचा. हा फेरफार मात्र हळूहळू व्हावा लागतो, कारण धान्याची मात्रा एकाएकी वाढवली तर त्याच पोटात आंबण वाढून उमदा बैल दोन दिवसांत आडवा होतो. घरातील गृहिणी ही मात्रा जुन्या पितळी मापाने मोजीत होती. मापाच्या आत कोळशाने ओढलेली एक रेघ होती. दर आठवड्याला ती जुनी रेघ पुसून बोटभर वर नवी ओढी, आणि ओढताना नवऱ्याकडे पाहत नसे.

तिसरे काम नालबंदाचे. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून घोड्यासारखी एक नाल न ठोकता प्रत्येक खुराला दोन स्वतंत्र पातळ पट्ट्या लागतात. जनावराला दोरखंडाने आडवे पाडून, चारी पाय एकत्र बांधून, खूर तासून त्या ठोकल्या जातात. खिळा अर्धा बोट आत गेला की बैल लंगडलाच. ज्या दिवशी नालबंद आला, त्या दिवशी मालकाने सकाळपासून चहाखेरीज काही घेतले नव्हते.

बैलांना असा जपणारा हा मनुष्य ज्या छकड्यावर बसतो, तो पाहिला म्हणजे छातीत धस्स होते. दोन चाके, एक धुरा, बसण्यापुरती फळी. थांबविण्याचे साधन नाही. या संदर्भात मला सातासमुद्रांपलीकडील एका शर्यतीची आठवण होते. ऑस्ट्रेलियातील वेस्ट मेटलंड गावी १५ डिसेंबर १९२३ च्या रात्री, विजेच्या दिव्यांखाली, मातीच्या गोल वाटेवर मोटारसायकली पळविण्यात आल्या, आणि ‘स्पीडवे’ या खेळाचा आरंभ सामान्यतः तेथून मानतात. पाचच वर्षांत, १९ फेब्रुवारी १९२८ रोजी, तो लंडनजवळील हाय बीच येथे पोहोचला. त्या मोटारसायकलीला ब्रेक नसतो, गिअर एकच, इंधन मेथॅनॉल. डावा पाय लोखंडी तळव्याच्या बुटात घालून जमिनीवर घासत, मागचे चाक मुद्दाम घसरू देत स्वार चार फेऱ्या सुमारे मिनिटभरात संपवितो. तेथेही आठवडाभर कारखान्यात राबून शनिवारी मातीत उतरणारे हौशी पुष्कळ, आणि त्यांचाही हिवाळा इंजिन उकलण्यात व जुळविण्यात जातो. मौज अशी, की मेटलंडची ती रात्र ज्याने घडवून आणली तो जॉनी हॉस्किन्स हा तेथील कृषी व उद्यान संस्थेचा चिटणीस होता, आणि वर्धा नदीच्या पलीकडे, धामणगाव तालुक्यातील तळेगाव दशासर येथे जो नामांकित शंकरपट भरतो, तोही कृषक सुधार मंडळ या संस्थेचाच. शेतीच्या सुधारणेसाठी मंडळी जमतात आणि शेवटी काहीतरी पळविल्यावाचून उठत नाहीत, हा मनुष्यस्वभाव दोन्ही गोलार्धांत सारखाच दिसतो.

पटाच्या वाटेला येथे दाण म्हणतात. ती सरळ असते. पूर्व विदर्भात बहुधा दोन जोड्या शेजारी शेजारी सुटतात, तर पश्चिमेकडे एकेक जोडी घड्याळाविरुद्ध धावते, आणि सेकंदाच्या शंभराव्या हिश्शावरून निकाल लागतो.

आणि ही दाण अनेक वर्षे ओस पडली होती. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने बैलाचा समावेश खेळासाठी प्रशिक्षण व प्रदर्शन करण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत केला, आणि ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लीकट्टूबरोबर महाराष्ट्रातील बैलांच्या शर्यतीही बंद केल्या. बैलाची शरीररचना घोड्यासारखी धावण्यासाठी नाही, हा मुद्दा तेव्हा निर्णायक ठरला. २०१७ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली. तिला उच्च न्यायालयात अटकाव झाला. बैलाच्या धावण्याच्या क्षमतेविषयी शासनाने तज्ज्ञांचा अहवाल करविला. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना मुभा दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. मुभा अर्थातच शर्तींसह. शर्यत आणि शर्त हे दोन्ही शब्द एकाच अरबी मुळातून आपल्याकडे आले. पटाला मात्र या नात्याची ओळख फार उशिरा पटली. आता जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी हवी, आयोजकाने पन्नास हजारांची हमी भरावयाची, वाट एक हजार मीटरहून लांब नको, बैल पशुवैद्यकाने तपासलेला हवा. काठी, चाबूक, विजेचा झटका, शेपूट पिरगाळणे हे सारे वर्ज्य. आणि क्रूरता सिद्ध झाल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद.

जुने शौकीन या कलमांना नाके मुरडतात. माझे मत निराळे आहे. बैल हाकण्याच्या काठीचा, म्हणजे तुतारीचा, खिळा बैलाच्या पुठ्ठ्यात रुतलेला मी लहानपणी पटावर स्वतः पाहिला आहे, आणि शेपटी दातांखाली धरणारा धुरकरी तेव्हा टाळ्या मिळवीत असे. जे हुकमाशिवाय सुटले नसते ते हुकमाने सुटले, यात वाईट काही झाले नाही. उलट, मारून पळविता येईनासे झाले तेव्हाच वाळूतली चाल, मापातली रेघ आणि तोंडाने केलेली ती चकचक यांना किंमत आली, असे मला वाटते. अर्थात प्रत्येक दाणीवर कलमे पाळली जातातच, अशी ग्वाही मी देणार नाही. माझ्या यजमानापाशी बैलांच्या तपासणीच्या कागदांची एक प्लास्टिकची पिशवी आहे. गोठ्याच्या वळचणीला, बैलांच्या घुंगरमाळांशेजारी, ती टांगलेली असते आणि उंदरांच्या भयाने रोज रात्री घरात नेली जाते.

चौथ्या दिवशी पहाटे छकडा प्रथमच जोडला. कापणी झालेल्या वावरात, धुऱ्यापासून बाभळीपर्यंत, त्याने दोन्ही बैलांना आधी नुसते चालवून आणले, परत फिरविले, जुवाचा नाडा बोटभर उजवीकडे सरकवून डाव्या बैलाच्या वाट्याची बाजू लांब केली, आणि फळीवर बसून एकदाच हाक दिली. मी पाहत होतो तेवढ्यात ते बाभळीपाशी पोहोचलेही होते. धुळीतून प्रथम दिसली ती दोन वशिंडे, एका पातळीत. मग उजव्याने एकाएकी मान झटकली, जू कलले, छकड्याचे एक चाक वखराच्या तासात उतरले, आणि धुरकरी कासऱ्यासह ढेकळांत येऊन पडला. बैल वीस पावले पुढे जाऊन आपोआप थांबले. तो उठला, कोपर झाडले, आणि आधी उजव्या बैलाचे चारी खूर उचलून नाला पाहिल्या, मग डाव्याचे.

तापलेला बैल एकदम उभा करावयाचा नाही, म्हणून आम्ही घरी न जाता नदीच्या वाटेने निघालो. छकडा वावरातच राहिला. ओठावर फुटलेले रक्त तो मधूनमधून धोतराच्या सोग्याने टिपीत होता आणि बायकोला यातले काही सांगू नये असे मला बजावीत होता. काठाशी येताच थोरल्या बैलाने तोंड पाण्यात घातले. तरुणाने थोडा वेळ त्याच्याकडे पाहिले आणि मग त्यानेही घातले.