टाचेमागची दोरी

खुर्चीवर बसा आणि आपल्या टाचेच्या मागे, जरा वर, बोटांनी चाचपून पाहा. दोरीसारखे काहीतरी कठीण हाताला लागेल. ही आपल्या शरीरातील सर्वांत जाड आणि सर्वांत मजबूत कंडरा आहे. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट पट्ट्याला कंडरा म्हणतात. ही कंडरा पोटरीच्या स्नायूंना टाचेच्या हाडाशी जोडते. पोटरीचे स्नायू आकुंचन पावले, की ही दोरी वर ओढली जाते, टाच उचलली जाते आणि आपले पाऊल पुढे पडते.

या कंडरेला अकिलीस कंडरा असे नाव आहे. अकिलीस हा प्राचीन ग्रीक कथांमधील एक शूर योद्धा. त्याला कधी जखम होऊ नये, म्हणून त्याच्या आईने त्याला लहानपणी स्टिक्स नदीच्या पाण्यात बुडवले. पण तिने त्याला टाचेला धरले होते. तेवढा भाग कोरडा राहिला आणि पुढे युद्धात तेथेच बाण लागून तो मरण पावला. कथेतली टाच दुबळी होती. आपली कंडरा मात्र दुबळी नाही. आपण धावतो तेव्हा ती आपल्या वजनाच्या ६ ते ८ पट ताण सहन करते.

मग ती दुखते का? बहुतेक वेळा तिच्यावरचे काम एकदम वाढते म्हणून. वर्षभर खुर्चीत बसून काम करणारा माणूस एके दिवशी ठरवतो आणि दुसऱ्या दिवसापासून रोज ५ किलोमीटर धावू लागतो. कंडरेत रक्तवाहिन्या कमी असतात, त्यामुळे तिची झीज सावकाश भरून येते. झीज जास्त आणि भरपाई कमी असे झाले, की तिचे तंतू विस्कटतात. ती जाड होते आणि दुखू लागते.

हे दुखणे ओळखता येते. सकाळी उठल्यावर पहिली काही पावले जड जातात. थोडे चालले, की बरे वाटते. धावायला सुरुवात करताना दुखते, मग थांबते आणि दुसऱ्या दिवशी अधिक दुखते. मध्येच दुखणे थांबते, म्हणून माणूस फसतो.

अशा वेळी काही जण दात-ओठ खाऊन धावतच राहतात. त्यांचे दुखणे वाढते. काही जण महिना महिना पायाला काहीच काम देत नाहीत. त्यांना तात्पुरते बरे वाटते, पण पोटरी आणि कंडरा दोन्ही अशक्त होतात. पुन्हा धावू लागताच दुखणे परत येते.

यावर एक चांगला उपाय स्वीडनमध्ये सापडला, तोही विलक्षण रीतीने. हाकन अल्फ्रेडसन हे तेथील अस्थिरोगतज्ज्ञ. त्यांना धावण्याची आवड होती आणि त्यांची स्वतःचीच कंडरा दुखत होती. त्यांना शस्त्रक्रिया हवी होती, पण त्यांच्या वरिष्ठांनी नकार दिला. तेव्हा त्यांनी ठरवले, की कंडरेवर इतका ताण द्यायचा, की ती तुटेल; मग तरी शस्त्रक्रिया करावीच लागेल! ते रोज व्यायाम करू लागले. कंडरा तुटली नाही. उलट काही आठवड्यांत दुखणे कमी झाले. ही हकीकत त्यांनी स्वतःच सांगितली आहे.

मग त्यांनी हा व्यायाम नीट नियम ठरवून १५ रुग्णांकडून करून घेतला. १२ आठवड्यांनी ते सर्व जण पुन्हा धावू लागले. हा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला.

व्यायाम साधा आहे. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहायचे. दोन्ही पायांनी टाचा उचलायच्या. मग सगळा भार दुखऱ्या पायावर घेऊन टाच अगदी सावकाश पायरीच्या खाली न्यायची. असे १५ वेळा, तीनदा करायचे. आधी गुडघा सरळ ठेवून, नंतर जरा वाकवून. सकाळी आणि संध्याकाळी मिळून रोज १८० वेळा! दुखणे कमी झाले, की पाठीवरच्या पिशवीत वजन घालायचे. आता याहून कमी वेळा, पण जास्त वजन घेऊन करायचे व्यायामही आहेत. त्यांचाही चांगला उपयोग होतो. सर्वांना सारखाच गुण येत नाही. काहींना सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ लागतो.

मुलांनो, एक गोष्ट लक्षात ठेवा. साधारण ८ ते १४ वर्षांच्या वयात टाचेचे हाड वाढत असते. खेळणाऱ्या मुलांची टाच दुखते, ती पुष्कळदा या वाढणाऱ्या भागामुळे. तिचा उपचार वेगळा असतो. म्हणून आपल्या मनाने हा व्यायाम सुरू करू नका. आधी डॉक्टरांना दाखवा. मोठ्या माणसांनीही व्यायाम तज्ज्ञांकडून शिकून घ्यावा. कंडरा हाडाला जोडलेली असते तेथेच दुखत असेल, तर टाच पायरीखाली नेत नाहीत. सपाट जमिनीवर व्यायाम करतात. आणि खेळताना टाचेमागे 'फट्' असा आवाज झाला, कोणीतरी मागून लाथ मारल्यासारखे वाटले आणि चवड्यावर उभे राहता येईना, तर कंडरा तुटलेली असू शकते. अशा वेळी ताबडतोब दवाखान्यात जावे.

दुखणे कमी झाले, की लगेच शर्यतीत उतरू नये. आधी चालावे, मग थोडे चालावे, थोडे धावावे. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिले पाऊल टाकून पाहावे. ते नेहमीसारखे पडले, तर कालचे काम कंडरेला झेपले. जास्त दुखले, तर काम कमी करावे. घड्याळ आणि पंचांग दोन्ही बाजूला ठेवून, या पहिल्या पावलाचे ऐकावे.