कासवाच्या पिलांचे ऊन-सावलीचे गणित

साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णा, कऱ्हाडला कोयना आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते. या नद्यांच्या काठचे खडक, वाळूचे पट्टे आणि वाहून आलेले ओंडके माणसाला निरुपयोगी वाटतात. कासवाच्या पिलांचे जगणे मात्र त्यांवरच अवलंबून असते.

कासवाला 'थंड रक्ताचा' प्राणी म्हटले जाते; पण त्याचे रक्त नेहमी थंड नसते. शरीर उबदार ठेवण्याइतकी उष्णता ते स्वतः निर्माण करू शकत नाही. ती त्याला ऊन, तापलेला दगड किंवा उथळ पाणी यांतून घ्यावी लागते. अन्नाचे पचन, वाढ आणि धोका दिसताच पळण्याचा वेग या उष्णतेवरच ठरतो.

कृष्णेच्या खोऱ्यात आढळणाऱ्या फ्लॅपशेल कासवाचे नवजात पिलू साधारण चार सेंटिमीटरचे असते. मोठे कासव त्याच्या सहापट लांब धरले, तर त्याच्या अंगाचा पृष्ठभाग ३६ पट, पण घनफळ २१६ पट होते. म्हणजेच वजनाच्या मानाने पिलाचा पृष्ठभाग सहापट अधिक असतो. त्यामुळे ते लवकर तापते आणि तितक्याच लवकर निवते. मोठ्या कासवाचे शरीर उष्णता काही काळ साठवून ठेवते. पिलाजवळ ती शिल्लक नसते.

म्हणून पिलाला वारंवार जागा बदलावी लागते. हिवाळ्यात पहाटे हवेपेक्षा पाणी उबदार असते, तेव्हा ते पाण्यातच राहते. ऊन चढले की काठावर येते. अंग तापले की पुन्हा पाण्यात, चिखलात किंवा सावलीत शिरते. ऊन आणि पाणी ही दोन्ही काही पावलांवर असली, तरच हे गणित जमते. वाळू उपसली गेली, काठाला काँक्रीटची भिंत उभी राहिली, की ते बिघडते.

घरातील काचेच्या टाकीत तर पिलाला निवडीला वावच नसतो. टाकी खिडकीत ठेवली तर पाणी तापते, कोपऱ्यात ठेवली तर ऊन मिळत नाही. शिवाय फ्लॅपशेल कासव १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने ते घरी पाळणे गुन्हा आहे.

काठावर निश्चल बसलेले पिलू आजारी किंवा वाट चुकलेले असेलच असे नाही. दयेपोटी त्याला पाण्यात सोडणाऱ्याने त्याची सकाळभराची कमाई हिरावून घेतलेली असते. ते जखमी दिसल्यास वन विभागाला कळवावे. अन्यथा दूर उभे राहून पाहावे.