ट्रान्सफॉर्मरच्या तेलाची 'रक्ततपासणी'

'डीपी उडाला' की गल्लीत अंधार होतो आणि काही तासांत वायरमन येऊन काम भागवतो. उपकेंद्रातला मोठा ट्रान्सफॉर्मर बिघडला तर मात्र प्रकरण असे मिटत नाही. ४०० केव्ही उपकेंद्रातला ३१५ एमव्हीएचा ट्रान्सफॉर्मर दुकानात तयार मिळत नाही. तो बनवून, आणून बसवायला अनेक महिने जातात. आत हजारो लिटर तेल असल्याने स्फोट झाला तर आग आटोक्यात आणणे कठीण होते आणि तिथे काम करणाऱ्यांच्या जिवावर बेतते. म्हणूनच बिघाड लहान असतानाच ओळखावा लागतो आणि त्याचा पहिला सुगावा बहुधा तेलातूनच लागतो.

ट्रान्सफॉर्मरमधील तांब्याच्या वेटोळ्यांवर कागदाचे वेष्टण असते आणि ती खनिज तेलात बुडवलेली असतात. तेल उष्णता वाहून नेते आणि कागदासोबत विद्युतरोधनही करते. आत कुठे जास्त तापले किंवा ठिणगी पडली, की तेलाचे रेणू तुटून वायू तयार होतात आणि तेलातच विरघळतात.

कोणता वायू तयार झाला, यावरून बिघाडाचा प्रकार कळतो. रोधनातील पोकळीत बारीक विद्युत विसर्ग होत असेल तर मुख्यतः हायड्रोजन निघतो. तेल बेताचे तापले तर मिथेन आणि इथेन वाढतात, तापमान बरेच चढले की इथिलिन. गॅस वेल्डिंगमध्ये वापरतात तो ॲसिटिलिन वायू दिसला, की आत ठिणग्या किंवा विजेचा झोत असल्याची शंका घेतात. कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड भराभर वाढले, तर कागद जळत असण्याची शक्यता असते. तेल बदलता येते. कागद बदलायचा म्हणजे वेटोळीच नव्याने बांधावी लागतात.

नमुना घेण्यातही काळजी हवी. झडपेतले साचलेले तेल आधी वाहून जाऊ देतात, मग काचेच्या हवाबंद सिरिंजमध्ये बुडबुडा न येऊ देता तेल भरतात. सिरिंज उन्हापासून जपून प्रयोगशाळेत पोहोचवतात. तिथे गॅस क्रोमॅटोग्राफ प्रत्येक वायू वेगळा करून मोजतो. हे मोजमाप दहा लाख भागांत किती, असे असते.

आकडे हाती आले, की अर्थ लावायचा असतो. कॅनडातील हायड्रो-क्युबेकचे मिशेल ड्युव्हाल यांनी १९७४ मध्ये त्यासाठी एक त्रिकोण मांडला. मिथेन, इथिलिन आणि ॲसिटिलिन यांचे आपापसांतील टक्के काढायचे आणि त्रिकोणात बिंदू ठेवायचा. तो ज्या भागात पडेल, त्यावरून बिघाड तापण्याचा की ठिणग्यांचा, हे ठरते. पण हा त्रिकोण बिघाडाचा प्रकार सांगतो. मुळात बिघाड आहे का, हे वायूंच्या प्रमाणावरून आणि वाढीवरून आधी ठरवावे लागते.

म्हणूनच एकट्या अहवालावर विसंबता येत नाही. समजा, एका ट्रान्सफॉर्मरमध्ये ॲसिटिलिन पाच वर्षे १० वर स्थिर आहे आणि दुसऱ्यात ते महिन्याभरात शून्यावरून ३ वर गेले आहे. आकडा लहान असला तरी काळजी दुसऱ्याची करायची. पहिल्यात कदाचित टॅप चेंजरच्या कप्प्यातले तेल मुख्य टाकीत झिरपले असेल. टॅप बदलताना तिथे ठिणग्या पडणे नेहमीचेच.

आणखी एक फसगत होते. तेल यंत्राने गाळून वायुरहित केले, की पुढचा अहवाल स्वच्छ येतो, पण मूळ बिघाड तसाच राहतो. त्यामुळे तेल गाळण्यापूर्वीचा आणि नंतरचा असे दोन्ही नमुने तपासून तारखेसह नोंद ठेवावी लागते. गाळल्यानंतर पुन्हा तेच वायू वाढू लागले, तर ट्रान्सफॉर्मर बंद करून आतली तपासणी करण्याचा निर्णय लांबवण्यात अर्थ नसतो.

वीज कोसळल्याने किंवा बुशिंग अचानक फुटल्याने होणारे बिघाड या तपासणीत आधी दिसत नाहीत. हळूहळू वाढणारे मात्र बहुधा दिसतात. अट एवढीच, की नमुने वेळेवर घेतले जावेत आणि नवा अहवाल जुन्यांशेजारी ठेवून वाचला जावा.