जैवयांत्रिकी संशोधनाचा अनुभव : नांदेड-लातूरच्या आयुर्वेद विद्यार्थ्यांसाठी

आयुर्वेद पदवीच्या शेवटच्या वर्षांतील विद्यार्थी अलीकडे वारंवार विचारतात, ‘सांध्यांच्या हालचाली, चाल, शरीरावर पडणारा भार यांवर संशोधन करावयाचे आहे, त्याचा अनुभव कोठे मिळेल?’ तो मुंबई-पुण्यातच मिळतो आणि तेथे आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याला कोणी उभे करीत नाही, असे प्रश्नकर्त्याने बहुधा आधीच मनाशी ठरविलेले असते. या दोन्ही समजुतींचा विचार येथे करावयाचा आहे.

जैवयांत्रिकी हा विषय आपल्याला नावाइतका परका नाही. सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात संधींचे आठ प्रकार सांगितले, ते आकारावरून. वंक्षणसंधीला त्यांनी ‘उलूखल’ म्हटले. उखळ ज्याने पाहिले आहे, त्याला खुब्याची हालचाल निराळी समजावून सांगावी लागत नाही. भग्नचिकित्सेत कपाटशयनाची योजना आहे. फळीवर पाच खिळ्यांच्या आधारे अवयव स्थिर करावयाचा. तळहाताच्या भग्नानंतर प्रथम मातीचा गोळा, मग मीठ आणि हातात बळ आल्यावर पाषाण धरावयास सांगितला आहे. भार क्रमाने वाढविण्याचे हे तत्त्व आजच्या पुनर्वसनशास्त्रातही आहे. मात्र एवढे सांगून ‘आमच्याकडे हे सर्व होतेच’ म्हणत थांबणे सोपे आहे आणि निरुपयोगीही. किती भार, कितव्या दिवशी, कोणत्या वयाच्या रुग्णाला, हे मोजण्याचे काम शिल्लक आहे.

जानुसंधिगत वाताचेच पाहा. सपाट जमिनीवर चालताना गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच ते तीन पट भार येतो; म्हणजे साठ किलो वजनाच्या स्त्रीच्या गुडघ्यावर प्रत्येक पावलागणिक दीडशे किलोंहून अधिक. हे आकडे प्रामुख्याने खुर्चीवर बसणाऱ्या समाजांत मोजले गेले. मराठवाड्यातील स्त्री सोयाबीनच्या काढणीत दिवसभर उकिडवी बसते, मांडी घालून जेवते, जमिनीवरून हाताचा आधार घेऊन उठते. खुर्चीवरून उठताना गुडघा साधारण काटकोनात वाकतो. उकिडवे बसताना तो एकशेतीस अंशांच्याही पुढे जातो. जानुबस्तीनंतर ‘वेदना कमी झाली’ अशी नोंद आपण शेकडो केसपेपरवर केली असेल. ती रुग्णा आता किती अंश गुडघा वाकवू शकते, जमिनीवरून उठण्यास तिला किती सेकंद लागतात, हे क्वचितच लिहिलेले आढळते. आपल्या चिकित्सेचा दावा बाहेरच्या परीक्षकापुढे टिकत नाही तो येथे.

विद्यार्थ्याने अर्जाबरोबर न्यावयाचा प्रश्न हाच. नांदेडच्या विद्यार्थ्याला तो घेऊन फार दूर जावे लागत नाही. १९८१ साली स्थापन झालेली श्री गुरु गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था आणि डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही दोन्ही विष्णुपुरीतच आहेत. लातुरात मांजरा आयुर्वेद महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला शहरातच अभियांत्रिकी महाविद्यालय आणि भौतिकोपचाराचे शिक्षण मिळू शकते. अभियंत्याकडे बलांची गणिते असतात, रुग्ण नसतात; कोणाचा गुडघा कशामुळे दुखतो याचे निदान त्याला करता येत नाही. आपल्याकडे नेमके तेच आहे. गणिताची भीती मात्र लटकी वाटते. ‘लातूर पॅटर्न’मध्ये बारावीला बलाच्या आघूर्णाची उदाहरणे धडाधड सोडविणारी हीच मुले पदवीच्या दुसऱ्या वर्षी ते पुस्तक रद्दीत घालतात! ते परत आणावे.

मोठ्या संस्थांचीही दारे बंद नाहीत. आयआयटी मुंबईचे ‘बेटिक’ हे केंद्र वैद्यकीय उपकरणांवर काम करते आणि रुग्णालयातील अडचण सांगणाऱ्या वैद्यकाची अशा कामात गरजच असते. मुंबईत हाजीअलीला १९५५ पासून भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आहे. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चे. ते सैन्यदलाचे असल्याने तेथील पत्रव्यवहार महाविद्यालयामार्फतच करावा.

येथे एक गल्लत टाळावी. पदवीनंतरची वर्षभराची सक्तीची आंतरवासिता आणि संशोधनाची उमेदवारी या भिन्न गोष्टी आहेत. आंतरवासितेत विभागवार कालखंड आखलेले असतात. त्यातून दोन महिने परस्पर बाहेर राहिल्यास प्रमाणपत्र अडते. संशोधनासाठी सुट्टीचा काळ धरावा, किंवा लेखी पूर्वपरवानगी घ्यावी. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची अल्पकालीन विद्यार्थी योजना एमबीबीएस व बीडीएससाठी आहे, म्हणून निराश होण्याचे कारण नाही. केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२२ मध्ये बीएएमएसच्या विद्यार्थ्यांसाठी ‘स्पार्क’ योजना सुरू केली. त्यावेळी दोन महिन्यांसाठी एकूण पन्नास हजार रुपयांचे विद्यावेतन ठरविण्यात आले. प्रकल्प आपल्याच महाविद्यालयातील अध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली करावयाचा असतो. मोजमापासाठी शेजारच्या अभियंत्याला सोबत घेतले, तर हीच जैवयांत्रिकीची पहिली उमेदवारी ठरते.

प्राध्यापकांना पाठवावयाच्या पत्राविषयी थोडे स्पष्ट लिहितो. ‘मला या विषयात अत्यंत रस आहे’ या वाक्याची पत्रे त्यांच्याकडे ढिगाने येतात. त्यांचा एखादा शोधनिबंध वाचून, आपला एक प्रश्न आणि स्वतः केलेले एक छोटे मोजमाप, एवढे एका पानात लिहावे. त्यासाठी यंत्रशाळा लागत नाही. कोनमापक, मोबाईलचा कॅमेरा आणि ‘किनोव्हिया’ हे मोफत मिळणारे सॉफ्टवेअर पुरते. कॅमेरा स्टँडवर, गुडघ्याच्या उंचीवर, रुग्णाच्या कडेला काटकोनात आणि दर वेळी तेवढ्याच अंतरावर ठेवावा. खुबा, गुडघा व घोटा यांच्या बाहेरील बाजूंस खुणा कराव्यात. तेच मोजमाप त्याच व्यक्तीने तीनदा घ्यावे. तीन आकडे एकमेकांशी जुळत नसतील, तर चिकित्सेच्या परिणामाची चर्चा अजून दूर आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठीचे पत्र डिसेंबर-जानेवारीतच जावयास हवे.

रुग्णांवरील कोणत्याही संशोधनापूर्वी संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता घ्यावी. उपचाराचीच परीक्षा करावयाची असेल, तर पहिला रुग्ण घेण्यापूर्वी भारतीय चिकित्सा चाचणी नोंदवहीत नोंद करावी. संमतिपत्र रुग्णाला वाचता येईल अशा मराठीत हवे. वाचता येत नसेल तर साक्षीदारासमोर वाचून दाखवावे. चित्रणात चेहरा येऊ देऊ नये.

यात व्यवसायी वैद्यांचा वाटा मोठा आहे. महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागापेक्षा आपल्या चिकित्सालयात रुग्ण नियमित येतो, तोच रुग्ण सहा महिन्यांनी पुन्हा भेटतो. दुपारी चिकित्सालय रिकामे असते तेव्हा एक खोली विद्यार्थ्यांना द्यावी. भिंत मोकळी आणि प्रकाश एका बाजूने असावा. साडीवर लावलेली खूण चालताना सरकते आणि कोन चुकतो. म्हणून स्त्री-रुग्णांच्या मोजमापासाठी विद्यार्थिनीच असावी, पडदा असावा आणि गुडघ्यापर्यंतची सैल विजार चिकित्सालयातच धुऊन ठेवलेली असावी.