साखर रक्तात, धोका हृदयात

लग्नघरून परतताना दुसऱ्या मजल्याचा जिना चढता चढता वडिलांना धाप लागते. कपाळावर घाम फुटतो, मळमळू लागते. ‘‘जेवण जरा जड झालं, पित्त खवळलंय,’’ असे म्हणत ते चिमूटभर ओवा तोंडात टाकतात आणि आडवे होतात. छातीत कुठेही दुखत नसते, त्यामुळे घरात कुणाला हृदयाची शंकासुद्धा येत नाही. दोन दिवसांनी थकवा जात नाही म्हणून डॉक्टर कार्डिओग्राम काढतात. तेव्हा कळते, ते पित्त नव्हते. तो हृदयविकाराचा झटका होता.

वडिलांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. या कहाणीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच!

झटका आला, पण कळलाच नाही

असा प्रसंग हृद्रोगतज्ज्ञांना नवा नाही. बरीच वर्षे साखर वाढलेली राहिली की शरीरातले मज्जातंतू दुबळे होतात. तळपाय बधिर होतात, चप्पल निसटली तरी समजत नाही, हे मधुमेही माणसांना ठाऊक असते. पण हृदयाकडून वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत नेणारे मज्जातंतूही असेच बधिर होतात, हे फार थोड्यांना माहीत असते. मग रक्तपुरवठा कमी पडून हृदय आक्रोश करत असले, तरी तो आक्रोश ऐकू येत नाही. डॉक्टर याला ‘मूक’ हृदयविकार म्हणतात.

दुसरीकडे त्याच वाढलेल्या साखरेमुळे रोहिण्यांचे आतले अस्तर खराब होते आणि तिथे चरबीचे थर साचू लागतात. जोडीला रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल असेल, तर काम आणखी झपाट्याने बिघडते. मधुमेह असलेल्यांना हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे दुपटीने अधिक असतो. स्त्रियांनी तर विशेष सावध राहायला हवे. पाळी सुरू असेपर्यंत स्त्रीला निसर्गाकडून हृदयाचे जे संरक्षण मिळते, ते मधुमेह बऱ्याच प्रमाणात हिरावून घेतो.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. म्हणजे हा प्रश्न जवळपास प्रत्येक कुटुंबाच्या उंबरठ्यावर येऊन ठेपला आहे.

मग सगळ्याच तपासण्या करून घ्यायच्या?

एवढे वाचल्यावर कुणालाही वाटेल, उद्याच जाऊन स्ट्रेस टेस्ट, स्कॅन, जमल्यास अँजिओग्राफीही करून टाकावी. ‘संपूर्ण हृदय तपासणी सवलतीत’ अशा जाहिराती पाहून मुले आईवडिलांना प्रेमाने घेऊनही जातात. पण थांबा! शास्त्राने याचे दिलेले उत्तर थोडे वेगळे आहे.

अमेरिका आणि कॅनडात 50 ते 75 वर्षे वयाच्या, मधुमेह असलेल्या पण हृदयाचा कोणताही त्रास नसलेल्या 1,123 जणांवर एक मोठा अभ्यास झाला. निम्म्यांच्या हृदयाचे स्कॅन केले, निम्म्यांचे केले नाही. स्कॅन केलेल्यांपैकी सुमारे 22 टक्के लोकांत काही ना काही दोष सापडला. म्हणजे मूक आजार आहे, हे खरेच. पण 2009 साली जाहीर झालेला निष्कर्ष असा, की सुमारे पाच वर्षांनंतर दोन्ही गटांत झटका येण्याचे वा हृदयविकाराने मृत्यू होण्याचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले. एका गटात 2.7 टक्के, दुसऱ्यात 3 टक्के!

असे का? कारण अडथळा सापडो वा न सापडो, मधुमेह असलेल्या माणसाला द्यायचे मूळ उपचार तेच असतात. रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि साखर आटोक्यात ठेवणे, तंबाखू सोडणे, चालणे. या अभ्यासात दोन्ही गटांना हे उपचार मिळत होते. शिवाय स्ट्रेस टेस्ट कधी कधी निरोगी हृदयालाही दोषी ठरवते. मग भीती, अँजिओग्राफी, खर्च, अशी साखळी सुरू होते. मूत्रपिंडे दुबळी असतील, तर अँजिओग्राफीसाठी टोचल्या जाणाऱ्या औषधाचा त्यांना त्रासही होऊ शकतो.

म्हणून त्रास नसलेल्या प्रत्येक मधुमेही माणसाची सरसकट स्ट्रेस टेस्ट किंवा स्कॅन करण्याची गरज नाही, असेच आज बहुतेक तज्ज्ञ मानतात.

मोठी तपासणी कुणी करावी?

थोडे चालल्यावर धाप लागत असेल, नेहमीच्या कामाने अकारण थकवा येत असेल, छाती, जबडा, खांदा किंवा पाठ भरून येत असेल, तर विलंब करू नका. साधा कार्डिओग्राम बिघडलेला असेल, चालताना पोटऱ्या दुखून थांबावे लागत असेल, मूत्रपिंडांवर परिणाम झाला असेल किंवा आजवर बैठे आयुष्य काढून आता एकदम जोरदार व्यायाम सुरू करायचा असेल, तरीही डॉक्टरांना विचारूनच पुढचे पाऊल टाका. कोणती तपासणी करायची हे जाहिरातीने नव्हे, तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचे असते.

वर्षातून एकदा एवढे कराच

या तपासण्या साध्या आणि तुलनेने स्वस्त आहेत, पण बहुतेक घरांत नेमक्या याच राहून जातात. रक्तदाब तर प्रत्येक भेटीत मोजून घ्या. वर्षातून एकदा तो आडवे असताना आणि उभे राहिल्यावरही मोजायला सांगा. उभे राहताच तो फार उतरत असेल, तर मज्जातंतू दुबळे झाल्याची ती खूण असू शकते. रक्तातील कोलेस्टेरॉल, लघवीतील अल्ब्युमिन, मूत्रपिंडांसाठी क्रिअ‍ॅटिनिन आणि पायांची नाडी तपासून घ्या. मागील तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी एच.बी.ए.वन.सी. चाचणी वर्षातून किमान दोनदा करा. साधा कार्डिओग्राम कधी काढायचा, हे डॉक्टरांना विचारा. तो काढलात, तर कागद जपून ठेवा. पुढे तुलना करायला तो फार उपयोगी पडतो. मात्र कार्डिओग्राम चांगला आला म्हणजे हृदय ठणठणीत, असे समजू नका.

खरा लाभ उपचारांत

डेन्मार्कमध्ये 160 मधुमेही रुग्णांवर झालेला एक अभ्यास डोळे उघडणारा आहे. निम्म्यांची साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, आहार, व्यायाम अशा सर्व आघाड्यांवर कसून काळजी घेतली गेली. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, सुमारे आठ वर्षांनी त्या गटात हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर आजारांचा धोका निम्म्यावर आला होता. इथे कोणतीही जादूची मात्रा नव्हती, होते ते सातत्य.

कोलेस्टेरॉलची गोळी ‘आता बरे वाटते’ म्हणून बंद करू नका. ती बरे वाटण्यासाठी नसतेच! मधुमेहाच्या नव्या औषधांपैकी काही हृदयालाही संरक्षण देतात. आपल्याला ती योग्य आहेत का, हे डॉक्टरांना विचारा. उलट शेजाऱ्यांनी सांगितले म्हणून रोज अ‍ॅस्पिरिन घेऊ नका, त्याने पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

आणि घरातल्यांनो, एक गोष्ट मनाशी पक्की बांधा. मधुमेह असलेल्या माणसाला अचानक घाम, धाप, मळमळ किंवा गळून गेल्यासारखे वाटले, तर लगेच साखर तपासा, कारण ती उतरल्यानेही असे होते. साखर ठीक असेल किंवा ती तपासायची सोय नसेल, तर ओव्याचा डबा शोधत बसू नका. पंधरा-वीस मिनिटे वाट पाहण्यापेक्षा तडक रुग्णालय गाठा. ते पित्तच निघाले, तर सगळे हसत घरी याल. तसे नसेल, तर तुमच्या त्या घाईनेच एक आयुष्य वाचलेले असेल.