तळ्याकाठची सायकल



कार्तिक उजाडला की खानदेशाची हवा पालटते. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्याही पुढे तापणारे आपले जळगाव आणि त्याच उन्हात होरपळणारे धुळे, दोन्ही शहरे या दिवसांत पहाटे गारठ्याने आखडून बसतात आणि कोवळ्या उन्हात हळूहळू मोकळी होतात. दिवाळीपासून होळीपर्यंतचे हे चार-साडेचार महिने म्हणजे आपल्या भागातील ज्येष्ठांना घराबाहेर पडण्यासाठी निसर्गाने दिलेली सवलतच होय. या सवलतीचा लाभ घेण्याचा एक जुना, स्वस्त आणि आनंददायी मार्ग आज आपणांपुढे मांडतो आहे: तळ्याकाठची सावकाश सायकलफेरी.

आज सत्तरीत असलेल्या पिढीचे आयुष्य सायकलवरच गेले. जळगावची खानदेश मिल असो वा धुळ्याची न्यू प्रताप मिल, शाळा असो वा कचेरी, दुधाची किटली असो वा शेतातील भाजीची पाटी, सारे काही सायकलवरून चालत असे. मग एक दिवस ती सायकल घरातून नाहीशी होते. बहुधा निमित्त किरकोळ असते. आप्पा कोपऱ्यावर घसरतात, गुडघा खरचटतो. "आप्पा, आता पुरे झालं," असे मुलगा म्हणतो आणि सायकलीला कुलूप लागते किंवा ती भंगारात जाते.

मुलाची भीती निराधार नाही. या वयात खुब्याचे हाड मोडले तर धडधाकट माणूसही महिनोन्महिने अंथरुणाला खिळतो. परंतु बसून राहण्याचीही किंमत असते आणि ती गुपचूप वसूल होते. मांड्यांचे स्नायू झडतात, तोल सांभाळण्याची सवय सुटते, आणि ज्या पडण्याच्या भीतीने सायकल काढून घेतली ते पडणे पुढे न्हाणीघरात घडते. म्हणून "सायकल चालवावी की नाही" एवढ्यावरच घरात वाद घालू नये. कोणी, कोणती, कोठे आणि कशी चालवावी, हे सर्वांनी मिळून ठरवावे.

सोपी वाट कशाला म्हणावे?

अमेरिकेतील ह्युरॉन सरोवरात मॅकिनॅक नावाचे एक बेट आहे. तेथे १८९८ पासून मोटारींना बंदी आहे. बेटाच्या काठाकाठाने सुमारे तेरा किलोमीटरचा रस्ता जातो आणि त्यावरून सर्व वयांचे लोक सायकलीने बेटाला वळसा घालतात. ती फेरी सोपी वाटते याची कारणे साधी आहेत: पाण्यालगतची वाट बहुतेक सपाट असते, मागून भोंगे वाजत नाहीत, आणि पाणी सतत नजरेसमोर असल्याने माणूस घाई करीत नाही.

आपल्याकडे बेट नाही, पण पाणी आहे. जळगावचा मेहरूण तलाव हे त्याचे उत्तम उदाहरण. सकाळी तेथे फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते, म्हणजे अडचण आली तर हाक ऐकणारे कोणीतरी जवळ असते. हिवाळ्यात पाण्यावर पक्षी उतरतात, आणि याच मेहरूणची बोरे या दिवसांत बाजारात येतात. काठाने संथ गतीने जाताना हे सारे पाहता येते, आणि पाहण्यासाठी मनसोक्त थांबताही येते. मात्र सायकल चालवताना नजर वाटेवरच असावी. पक्षी पाहायचे तर उतरून पाहावेत.

येथे एक सावधगिरीची सूचना. तलावाला पूर्ण वळसा घातलाच पाहिजे, असा अट्टहास नको. वर्तुळाकार वाटेची एक अडचण अशी की, अर्ध्यात दमलेल्या माणसाला परतण्यासाठी तितकेच अंतर पुन्हा कापावे लागते. प्रारंभीच्या दिवसांत पाच मिनिटे जावे, वळावे आणि पाच मिनिटांत परत यावे. जेवढा काठ सपाट आणि मोकळा, तेवढाच आपला. उत्साहाच्या भरात शिरसोली रस्त्याने जैन हिल्सवरील गांधी तीर्थापर्यंत सायकल दामटण्याचा मोह होईल. २०१२ साली उभे राहिलेले ते संग्रहालय अवश्य पाहावे, पण मोटारीने किंवा रिक्षाने जाऊन. वाहनांचा रस्ता आणि टेकडीचा चढ नवशिक्या सत्तरीसाठी नाही.

धुळेकर वाचकांनी पांझरेच्या काठाचा विचार करावा. एकवीरा देवीच्या यात्रेचे आणि नवरात्रीचे गर्दीचे दिवस वगळून, सकाळी लवकर, वाहने सुरू होण्यापूर्वी, नदीकाठाचा एखादा सपाट टप्पा निवडावा. दुसरा पर्याय जुन्या गावातच आहे. १८१९ मध्ये कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला खानदेशाचे मुख्यालय केले आणि नवी वस्ती आखून घेतली. क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या तेथील सरळ गल्ल्या रविवारी भल्या सकाळी निवांत असतात. राजवाडे संशोधन मंडळाच्या वास्तूपर्यंत जाऊन परतण्याची फेरी जुन्या धुळेकराला व्यायामाबरोबर आठवणींचाही लाभ देईल.

निघण्यापूर्वीची परीक्षा

प्रथम घरीच एक साधी चाचणी करावी. भिंतीजवळ, घरातील कोणाला तरी शेजारी उभे करून, एका पायावर दहा सेकंद उभे राहता येते का ते पाहावे. मग दुसऱ्या पायावर. त्यानंतर बसल्या जागी मान वळवून मागचे दार दिसते का, हेही पाहावे. तोल राहत नसेल तर सायकल तूर्त बाजूला ठेवून आधी तोलाचे आणि पायांच्या बळाचे व्यायाम करावेत. मान वळत नसेल तर सायकलीला आरसा बसवावा आणि वाहनांचा रस्ता पूर्णपणे टाळावा.

पुढील व्यक्तींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सायकलवर बसू नये: चालताना छातीत दुखणारे वा धाप लागणारे, अलीकडे हृदयविकाराचा झटका, अँजिओप्लास्टी वा बायपास झालेले, चक्कर येणारे, फिट येणारे, कंपवाताने पावले अडखळणारे, मोतीबिंदूमुळे अंधुक दिसणारे, आणि ओळखीच्या वाटा विसरू लागलेले. यांच्यासाठी घरातील स्थिर सायकल किंवा कोणासोबत चालणे हा तितकाच चांगला व्यायाम आहे. ज्या आजींनी आयुष्यात कधी सायकल चालवली नाही, त्यांनीही आता दुचाकीवर तोल शिकण्याचे धाडस करू नये. सायकलवाल्याच्या बरोबरीने तळ्याकाठी चालत जावे. पाणी दोघांनाही सारखेच दिसते.

सायकल कोणती?

आडवी दांडी नसलेली, म्हणजे आपण जिला "लेडीज सायकल" म्हणतो ती, या वयात स्त्री-पुरुष दोघांनाही योग्य. अनेक पुरुषांना ती घ्यायला संकोच वाटतो. तो संकोच सोडावा, कारण वृद्धांचे पडणे पुष्कळदा वेगामुळे नव्हे तर चढता-उतरताना होते. दांडीवरून पाय उंच टाकावा लागला नाही की तो धोका बराच कमी होतो.

सीटची उंची महत्त्वाची. आरंभी सीट इतकी खाली असावी की बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीवर टेकतील. मात्र फार खाली सीट ठेवून दीर्घकाळ चालवल्यास गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो. म्हणून आत्मविश्वास आल्यावर ती थोडी थोडी वर घ्यावी. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितसाच वाकलेला राहील, अशी उंची गुडघ्याला मानवते. ब्रेक दोन्ही चाकांचे तपासून घ्यावेत. टायरमध्ये पुरेशी हवा असावी. आपल्याकडे बाभळीच्या काट्यांचे भय असतेच, म्हणून पंक्चर झाल्यास सायकल हातात धरून परतता येईल एवढ्याच अंतरावर जावे. हेल्मेट घालावे. लुंगी, धोतराचा सोगा, साडीचा पदर वा सैल ओढणी चाकात अडकते, म्हणून कपडे आटोपशीर असावेत.

वेळ, वेग आणि आहार

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सूर्योदय सातच्या सुमारास होतो. अंधारात वा धुक्यात निघू नये. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब वाढतो. हृदयरोग्यांनी ऊन पडल्यावरच, कानटोपी घालून निघावे. घरातच पाच मिनिटे हातपाय हलवून अंग ऊबदार करावे.

वेग मोजायला यंत्र नको. शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. बोलताना वाक्य तुटू लागले तर वेग कमी करावा; छातीत दडपण, जबड्याकडे वा हाताकडे जाणारी कळ, अथवा भोवळ जाणवली तर लगेच उतरावे, बसावे आणि मदत मागावी. "थोडे पुढे जाऊन पाहू," असे मनाशीही म्हणू नये.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान दीडशे मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवते, आणि पासष्टीनंतर आठवड्यातून तीन दिवस तोल व बळ वाढवणारे व्यायामही. हा आकडा पाहून दडपून जाऊ नये. दहा मिनिटांपासून आरंभ करून दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवली, तरी सुमारे महिनाभरात आपण अर्ध्या तासापर्यंत पोहोचाल. सायकलवर शरीराचा बराच भार सीट उचलते, म्हणून झिजलेल्या गुडघ्यांना ती चालण्यापेक्षा सुसह्य वाटते. परंतु याच कारणाने हाडांना बळ देण्याचे काम ती फारसे करीत नाही. त्यासाठी थोडे चालणे चालूच ठेवावे.

अगदी उपाशीपोटी निघू नये. जळगावचे अर्धे केळे पुरेसे आहे. मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पोटॅशियम वर्ज्य आहे त्यांनी मात्र केळ्याऐवजी दुसरे काही खावे. पाण्याची बाटली सोबत असावी. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या आजारात पाण्याचे प्रमाण ठरवून दिलेले असल्यास ते पाळावे.

औषधे घेणाऱ्यांसाठी

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची साखर व्यायामात अकस्मात उतरू शकते. निघण्यापूर्वी साखर तपासावी; ती शंभरपेक्षा कमी असल्यास आधी काही खावे. घाम, थरथर, अचानक भूक, गोंधळल्यासारखे होणे, ही लक्षणे दिसताच थांबून तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. त्यासाठी साखरेची पुडी खिशात हवीच. काही रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे छातीची धडधड आणि हातांची थरथर जाणवत नाही. अशांनी घामाकडे विशेष लक्ष द्यावे.

रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या घेणाऱ्यांना उतरल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. उतरल्यानंतर सायकल धरून मिनिटभर उभे राहावे, मगच पाऊल टाकावे. रक्त पातळ करणारे औषध चालू असताना डोक्याला मार लागला तर बरे वाटत असले तरी त्याच दिवशी, विनाविलंब रुग्णालयात जावे. कोणतेही औषध सायकलीसाठी आपल्या मनाने बंद करू नये.

सोबत करणाऱ्यांसाठी

मुलांनो, सुनांनो, नातवंडांनो, आपली सोबत हेच येथे खरे औषध आहे. आपली सायकल ज्येष्ठांच्या मागे, किंचित उजवीकडे ठेवावी, म्हणजे येणारे वाहन आधी आपल्याला दिसेल आणि त्यांना मोकळी वाट मिळेल. मागून ओरडून सूचना देऊ नयेत. दचकलेला माणूस मान वळवतो आणि तोल जातो. कोठे थांबायचे ते निघण्यापूर्वीच ठरवावे. त्यांच्या खिशात नाव, घरचा दूरध्वनी क्रमांक आणि चालू औषधांची चिठ्ठी ठेवावी. परतण्याची वेळ झाली हे सांगायचे तर चारचौघांत "आता उतरा" म्हणू नये, "मी दमलो, बसू या का?" एवढे विचारले तरी मान राहतो आणि काम होते.

एक दिवस असाही येईल की सायकल थांबवावीच लागेल. तोल वारंवार जाऊ लागला, वाट चुकू लागली, वा महिनाभरात दोनदा पडणे झाले, तर तो दिवस आला असे समजावे. तेव्हाही निर्णय ज्येष्ठांशी बोलून, डॉक्टरांना सोबत घेऊन करावा. स्वतः उतरलेल्या माणसाला तळ्याकाठी चालत येण्याची इच्छा उरते. ज्याच्या हातून सायकल हिसकावली गेली तो बहुधा घरातच बसतो.

मार्चच्या मध्यापासून ऊन चढू लागेल. तेव्हा फेरी आवरती घ्यावी आणि वैशाखात तर घरातील व्यायामावरच भागवावे. परंतु त्याला अजून अवकाश आहे. येत्या रविवारी सायकल बाहेर काढावी, पुसावी, कोपऱ्यावरच्या दुकानात ब्रेक आणि हवा तपासून घ्यावी. पहिल्या दिवशी नुसते अंगणात चढण्या-उतरण्याचा सराव केला तरी पुरे. तळे कोठे पळून जात नाही.